सोलापूरची तळी आणि नदीकाठ : निघण्याआधी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात कुणी "पाणी बघायला कुठं जायचं?" असं विचारलं की घरातले आधी हसतात. पण पाहुणे विचारतात, पुण्यातून सुट्टीला आलेली पोरं विचारतात आणि नव्याने बदलून आलेली बँकेतली मंडळी तर हमखास विचारतात. गेली काही वर्षं रविवारी सकाळी कुणाला ना कुणाला तळ्यावर घेऊन जाण्याचं काम माझ्याकडेच आहे. त्यामुळे पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

सोलापूर नदीकाठी आहे का? गावात नदी तर दिसत नाही.

नाही दिसणार. नकाशात सोलापूर भीमेच्या खोऱ्यात आहे, पण शहराच्या पोटातून मोठी नदी वाहत नाही. सीना पश्चिमेकडून खाली उतरते. पुण्याच्या रस्त्यावर लांबोटीला आणि विजापूरच्या रस्त्यावर वडकबाळला तिचे पूल लागतात. भीमा आणखी दक्षिणेला आहे. पुढे काही अंतर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांची हद्दच तिच्या पात्रातून जाते. हत्तरसंग-कुडलजवळ सीना भीमेला मिळते. पंढरपूरला जिला आपण चंद्रभागा म्हणतो ती हीच भीमा, वळणावर चंद्रकोरीसारखी दिसते म्हणून नाव वेगळं.

गावात नदी नसल्यामुळेच सोलापूरची तळी महत्त्वाची. ती कुणी शोभेसाठी बांधलेली नाहीत. कमी पावसाच्या मुलखात पाणी अडवून ठेवायचं, या गरजेतून ती झाली. म्हणून आमच्याकडे "कोणत्या तळ्यावर जाऊ?" याआधी "कोणत्या महिन्यात जाताय?" हे विचारावं लागतं. तेच तळं ऑक्टोबरात समुद्र वाटतं आणि मे महिन्यात त्यात म्हशी चरत असतात.

मग कोणता महिना चांगला?

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत डोळे मिटून या. जिल्ह्यात जून-जुलैचा पाऊस बऱ्याचदा हुलकावणी देतो. खरा जोर सप्टेंबरात परतीच्या वाटेवर असतो. त्यामुळे कोकणातले लोक जुलैत धबधबे बघत असतात तेव्हा आमच्या तळ्यांचा तळ अजून दिसत असतो. दिवाळीच्या सुमाराला पाणी काठाला आलेलं असतं, हवा निवळलेली असते आणि स्थलांतरित पक्षी उतरायला लागतात.

मार्चनंतर सकाळी सहा ते साडेआठ एवढाच वेळ हाताशी असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी केव्हाच ओलांडतो, बेचाळीस-त्रेचाळीस इथे नवल नाही. दुपारी बारा वाजता तळ्याच्या भरावावर सावलीला बाभूळसुद्धा मिळत नाही. एकदा मुंबईचे पाहुणे हट्टाने दुपारी निघाले. परत आल्यावर त्यांनी संध्याकाळभर ताक सोडून दुसरं काही घेतलं नाही.

उजनीचं गणित मात्र निराळं आहे. ते धरण आमच्या पावसावर भरत नाही. पुणे जिल्ह्यातल्या सह्याद्रीवर पाऊस पडतो, तिथली धरणं भरतात, त्यांचं पाणी भीमेतून खाली येतं आणि मग उजनी भरतं. सोलापुरात ढग नसताना ऑगस्टमध्ये उजनी शंभर टक्क्यांवर गेलेलं असतं, याचं नवख्याला आश्चर्य वाटतं.

हाताशी अर्धाच दिवस आहे. कुठे जाऊ?

सिद्धेश्वर तलाव. रेल्वे स्टेशनवरून रिक्षाने थोड्या मिनिटांत पोहोचता. पाण्याने वेढलेलं मंदिर आणि शेजारी भुईकोट किल्ला, असं दृश्य भर शहरात आहे आणि आम्ही रोज त्याकडे न बघता स्कूटरवरून जातो. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून हे तळं खोदवलं, अशी इथली श्रद्धा आहे. सिद्धराम हे कन्नड वचनकारही होते आणि सोलापूरचं जुनं नाव सोन्नलगी. मंदिराच्या आवारात आजही मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही एका ओटीवर ऐकू येतात.

सकाळी लवकर जा. दर्शन घ्या, मग किल्ल्यात शिरा आणि तटावरून तळ्याकडे बघा. मंदिरातून किल्ला दिसतो त्यापेक्षा किल्ल्यातून मंदिर जास्त छान दिसतं, हे माझं ठाम मत. बोटिंगच्या भरवशावर मात्र मुलांना नेऊ नका. ते कधी चालू असतं, कधी बंद. गाडीत बसतानाच "बोटीत बसायचं" असं कबूल केलंत की पुढचा दिवस तुमचा नाही.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला येत असाल तर गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक, तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, त्यानंतर होम मैदानावरचा होम आणि शोभेचं दारूकाम. त्या दिवसांत शांत तळं वगैरे विसरा. गर्दी हाच तेव्हाचा देखावा असतो आणि तो एकदा तरी बघावा.

कंबर तलाव म्हणजेच संभाजी तलाव का?

हो, एकच. विजापूर रस्त्यावरचा. कागदोपत्री धर्मवीर संभाजी तलाव, रिक्षावाल्याला सांगायचं तर कंबर तलाव. पूर्वी इथे कमळं असत असं जुनी माणसं सांगतात. आता जलपर्णीशी झगडा चालू असतो. संध्याकाळी फिरायला, मक्याचं कणीस खायला आणि पाणकोंबड्या बघायला ठीक आहे. खास त्यासाठी लांबून यावं असं नाही.

हिप्परगा आणि एकरुख हे दोन तलाव आहेत का?

हा गोंधळ सगळ्यांचा होतो. तलाव एकच. सरकारी दप्तरात एकरुख, लोकांच्या तोंडी हिप्परगा. शहराच्या उत्तरेला तुळजापूर रस्त्यावर आठ-दहा किलोमीटरवर अदिला नदी अडवून इंग्रजांच्या काळात हा बांधला, काम 1871 मध्ये पूर्ण झालं. लांबच लांब मातीचा भराव आहे आणि त्यावर उभं राहिलं की एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं दिसतात. मला सोलापुरातली सगळ्यात आवडती जागा विचाराल तर हा भराव.

सूर्योदयाला पोहोचायचं असेल तर घरातून अंधारात निघा. हिवाळ्यात पाण्यावर धुक्याचा पातळ थर असतो, कोळ्यांच्या होड्या त्यातून हळूहळू बाहेर येतात. वारकरी पक्षी शेकड्यांनी असतात. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून हे नाव. चित्रबलाक, चमचे, शेकाटे, पाणकावळे हेही सहज दिसतात. कधी कधी कांड्या करकोचांचा थवा उतरतो. ते वरून आवाज देत येतात, त्यामुळे मान वर करायची सवय ठेवा.

तळे हिप्परग्यात मश्रूम गणपतीचं देऊळ आहे. चतुर्थीला तिथे गर्दी असते, म्हणजे रस्त्यावर गाड्याही असतात. पक्षी बघायला जाणाऱ्यांनी तो दिवस टाळावा.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. शहराला पाणी देणाऱ्या तीन ठिकाणांपैकी हे एक आहे. दुसरं उजनी, तिसरं टाकळीला भीमेचं. म्हणजे तुम्ही ज्या काठावर बसून वेफरचं पाकीट उघडता, ते आमच्या घरातल्या माठाचं तोंड आहे. गाडी धुवायला तळ्यात उतरवणाऱ्यांना मी पूर्वी समजावून सांगायचो. आता फक्त विचारतो, "पाहुणे, चहा याच पाण्याचा पिणार ना?"

पोहता येतं का?

नाही. हे उत्तर लहान ठेवावं असं वाटतं, पण कारण सांगितल्याशिवाय कुणी ऐकत नाही.

आमच्या तळ्यांचा तळ काळ्या मातीचा आहे. पाणी उतरलं की काठाला वरून वाळलेला, भेगाळलेला पापुद्रा दिसतो आणि त्याखाली गुडघाभर गाळ असतो. मार्चमध्ये एका पक्ष्याचा फोटो काढायच्या नादात मी त्या पापुद्र्यावरून चार पावलं पुढे गेलो. पाचव्या पावलाला मांडीपर्यंत आत. एक मेंढपाळ काठी घेऊन आला म्हणून निघालो, बूट अजून तिथेच आहेत. त्याने मला ओढून काढल्यावर एवढंच विचारलं, "शेळ्या जिथं जात नाहीत तिथं तुम्ही कशाला गेला?" तेव्हापासून मी जनावरांच्या खुरांचे ठसे बघूनच काठावर उतरतो.

नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे असतात. वरून ते शांत दिसतात, पण बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेले असताना खालून पाण्याची ओढ विलक्षण असते. त्यावरून चालत पलीकडे जाणं हा गावकऱ्यांचा रोजचा सराव असेल, तुमचा नाही. वाळू उपसलेल्या पात्रात तर दोन पावलांवर डोह लागतो. पंढरपूरला स्नान करणारांनीही घाटाच्या पायऱ्या सोडून पुढे जाऊ नये आणि उजनीतून पाणी सोडल्याची बातमी असेल तर तांब्याने पाणी घेऊन समाधान मानावं.

पावसाळ्यात सीना बघायला जावं का?

पुलावरून, लांबून, पाऊस उघडल्यावर. एरवी सीना ही अंगाने बारीक नदी. उन्हाळ्यात पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. पण 2025 च्या सप्टेंबरात तिला असा पूर आला की करमाळा, माढा, मोहोळकडची गावंच्या गावं पाण्यात गेली आणि लांबोटीजवळ पुण्याचा हमरस्ता बंद ठेवावा लागला. ज्यांची जनावरं वाहून गेली त्यांच्या बांधावर उभं राहून सेल्फी काढणारे मी पाहिले आहेत. त्या वेळी जायचंच असेल तर मदत घेऊन जा.

एरवी मात्र लांबोटीला जरूर थांबा. पुलाजवळ नदी बघायला आणि चिवडा घ्यायला. लांबोटीचा चिवडा न घेता पुण्याला गेलेला सोलापूरकर मला अजून भेटायचा आहे.

उजनीला जायचं तर नेमकं कुठे? धरण मोठं आहे म्हणतात.

मोठं म्हणजे किती, तर भरलं की सुमारे 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी. त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे कालव्याच्या तोंडाखालचा. म्हणूनच उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेलं" असं वाक्य आमच्याकडे चहाच्या टपरीवर ऐकू येतं. याचा अर्थ पाणी संपलं असा नाही, आता मृत साठ्यातून उपसा चालू आहे असा. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या या जलाशयाचं नाव यशवंत सागर.

जाण्याची ठिकाणं दोन. पहिलं, टेंभुर्णीजवळ भीमानगरची भिंत. 41 दरवाजे आहेत आणि ऑगस्टमध्ये त्यातून पाणी सुटतं तेव्हा आवाज लांबवर येतो. भिंतीवर जायला परवानगी लागते, ड्रोन तर अजिबात नको. दुसरं, फुगवट्याचं टोक, म्हणजे भिगवण आणि कुंभारगाव. ते पुणे जिल्ह्यात येतं, सोलापूरपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला लोक जातात ते तिथे.

रोहित पक्ष्यांच्या बाबतीत एक गैरसमज आहे. धरण गच्च भरलेलं असेल तर लोकांना वाटतं, पाणी भरपूर म्हणजे पक्षी भरपूर. उलट आहे. रोहित उथळ पाण्यात चिखल ढवळून खातो. पाणी उतरून दलदल उघडी पडली की तो येतो. त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षी ते उशिरा येतात, कधी जानेवारी उलटल्यावर. निघण्याआधी तिथल्या नावाड्याला फोन करून "पाणी उतरलं का?" एवढं विचारा. पट्टकदंब हंस, चक्रवाक, कुरव आणि तऱ्हेतऱ्हेची बदकं हिवाळाभर असतातच.

होडीत बसणं सुरक्षित आहे का?

सकाळी, वारा नसताना, लाइफ जॅकेट घालून आणि होडीत मोजकीच माणसं असतील तर बसा. यातली एकही अट सुटत असेल तर बसू नका. 21 मे 2024 ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण बुडाले. ती सहलीची होडी नव्हती, रोजच्या जाण्यायेण्याची होती. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचं वारं दहा मिनिटांत उठतं आणि एवढ्या रुंद पाण्यावर लाटा समुद्रासारख्या येतात.

एकदा एका नावाड्याने मला सांगितलं होतं, जॅकेटं आहेत पण घरी ठेवलीत, ऊन लागून खराब होतात. आम्ही काठावरच बसून भाकरी खाल्ली आणि परत आलो. पक्षी काठावरूनही दिसले.

गर्दी नसलेली जागा सांगा.

होटगीचा तलाव. शहराच्या दक्षिणेला आहे, हिवाळ्यात बदकं भरपूर आणि माणसं तुरळक. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाणार असाल तर बोरी नदीवरचं कुरनूर धरण वाटेत धरता येतं. मोहोळ तालुक्यातला आष्टी तलाव हा एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळी कामांतला. भुकेलेल्या माणसांनी डोक्यावर माती वाहून उभा केलेला तो भराव बघताना मला बाकीच्या निसर्गसौंदर्याचं काही सुचत नाही.

आणि हत्तरसंग-कुडल. हे तळं नाही, संगम आहे, सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर. पण पाण्याकाठी एक अख्खा दिवस काढायचा असेल तर माझं मत याला. भीमा-सीनेच्या संगमावर संगमेश्वराचं प्राचीन देऊळ आहे. तिथलं बहुमुखी शिवलिंग बघून झालं की शिलालेखाची चौकशी करा. शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या कालोल्लेख असलेल्या लेखांपैकी आहे. त्यातली ओळ "वाछि तो विजेया होईवा", म्हणजे जो हे वाचेल तो विजयी होईल. माझ्या भाचीने ती ओळ अडखळत मोठ्याने वाचली आणि लगेच विचारलं, "मामा, आता गणिताच्या पेपरलापण चालेल ना?"

माळढोक पक्षी या भागात कुठे दिसतो का?

नान्नजचं अभयारण्य बार्शी रस्त्यावर आहे, हिप्परग्याला जाऊन आल्यावर त्याच दिवशी करता येतं. 1979 मध्ये ते माळढोकसाठी जाहीर झालं. पण माळढोक बघायचा म्हणून जाल तर निराश व्हाल. काळवीट बघायला जा, माळरान बघायला जा. वन खात्याची परवानगी घ्या आणि गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवा. गवतात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात.

गळ टाकून मासे धरू शकतो का?

विचारून. बहुतेक तलावांतल्या मासेमारीचे हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांनी बीज सोडलेलं असतं, तो त्यांचा पोटाचा धंदा आहे. काठावरच्या कोळ्याला विचारलंत तर तो बहुधा नाही म्हणत नाही, उलट कुठे बसायचं तेही सांगतो. पण मला विचाराल तर सकाळी जाळं ओढलं जातं तेव्हा काठावर जाऊन ताजा मासा विकत घ्या. कटला, रोहू, मरळ, वाम आणि चिलापी. भिगवणला महामार्गावर माशाची जेवणं मिळतात, तिखट खाणाऱ्यानेच रस्सा मागावा.

डबा काय न्यावा? तिथे काही मिळतं का?

सिद्धेश्वर आणि कंबर तलाव सोडले तर काही मिळेल असं धरून चालू नका. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा आणि दही. सोलापूरकराला यापलीकडे सहलीचा डबा ठाऊक नाही आणि गरजही नाही. कडक भाकरी आठवडाभर टिकते, पिशवीत मोडली तरी चव बदलत नाही आणि तिला डबा लागत नाही, फडक्यात बांधली की झालं. हौस असेल तर धपाटे करा. डिसेंबर-जानेवारीत येत असाल तर तळ्यावरून परतताना एखाद्या शेतात हुरडा गाठा, मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी असेल तर उत्तमच.

पिण्याचं पाणी घरून न्या, माणशी दोन लिटर. चारी बाजूंना पाणी आणि घसा कोरडा, असा प्रकार इथे नेहमी होतो. डब्याचा कागद, पत्रावळ, बाटली गाडीत परत टाका. भरावावर चूल पेटवू नका. वाळलेलं गवत आणि वारा असला की आग शेजारच्या कडब्यात कधी जाते ते कळत नाही.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर आहेत.

सिद्धेश्वर तलाव आणि हत्तरसंग-कुडल ही दोन ठिकाणं त्यांच्यासाठी. बसायला जागा आहे, सावली आहे, देव आहे. हिप्परग्याच्या भरावावर आजी-आजोबांना फार लांब चालवू नका, वाट खडबडीत आहे. मुलांचा हात पाण्याच्या बाजूने मोठ्या माणसाने धरायचा, मूल आतल्या बाजूला. आणि गवतातून चालताना पाय आपटत चाला, घोणस या भागात आहे. चपला नकोत, बूट घाला.

गाडी नाही. एसटीने जमेल का?

हिप्परग्याला तुळजापूरची कोणतीही गाडी, कंडक्टरला आधी सांगून ठेवा. अक्कलकोट, पंढरपूर, टेंभुर्णीला एसटी भरपूर. कुडलला मात्र गाड्या मोजक्या, परतीची वेळ स्टँडवर विचारल्याशिवाय चढू नका. आम्ही एकदा न विचारता गेलो आणि संध्याकाळी उसाच्या ट्रॅक्टरवरून मंद्रूपपर्यंत आलो. भाची अजूनही सांगते, सगळ्यात मजा त्या दिवशी आली.